छातीचे मांस गालाला का लावतात?

गेल्या पावसाळ्यात महिला मंडळाची बैठक संपल्यावर एक ताई विहारातच मागे थांबल्या. बाकीच्या बायका गेल्या तेव्हा त्यांनी पिशवीतून फाइल काढली. सासऱ्यांची होती. डाव्या गालाच्या आत कॅन्सर, तपासणीचा तुकडा काढून झालेला, ऑपरेशनची तारीखही मिळालेली. ताई म्हणाल्या, "सिस्टर, डॉक्टर म्हणतात गाल आणि थोडा जबडा काढायचा, मग छातीचं मांस काढून तिथं लावायचं. घरात सगळे म्हणतात, आधीच एक जखम, त्यात दुसरी कशाला? या वयात बाबांना काय सुंदर दिसायचंय? त्यांना सुखानं जाऊ द्या."

आम्ही म्हणजे पूर्वी वॉर्डात ड्युटी केलेल्या आणि आता वस्त्यांमधून फिरणाऱ्या काही नर्स. हा प्रश्न आम्हाला वर्षातून पाच-सहा वेळा तरी विचारला जातो आणि दरवेळी त्यात तोच गैरसमज असतो. छातीचे मांस लावणे म्हणजे चेहरा सुंदर करण्याची हौस, परवडणाऱ्यांनी करावी, आपण कशाला, असे लोकांना वाटते. या गैरसमजापायी तारीख पुढे ढकलली जाते. कॅन्सर तारखेची वाट पाहत नाही. तीन महिन्यांपूर्वी जो फक्त गालात होता तो जबड्याच्या हाडात गेलेला आम्ही पाहिला आहे. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर एवढाच एक विषय घेतला आहे.

आधी खड्डा का पडतो ते पाहू

आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर बहुतेक वेळा गाल आणि खालची हिरडी यांच्या मधल्या खाचेत होतो. कारण सरळ आहे. तंबाखूची चिमूट, गुटखा, खर्रा, मशेरी, सुपारी सगळे तिथेच धरून ठेवले जाते. (नुसती सुपारी, तंबाखूशिवायची, तीही कॅन्सर करते. "मी तंबाखू खात नाही, फक्त सुपारी" म्हणणाऱ्यांनी हे ऐकावे.) महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण वस्तीच्या तोंडावरच्या टपरीवर काय मिळते ते सगळ्यांना ठाऊक आहे.

सर्जन फक्त गाठ काढत नाही. गाठीच्या भोवतीचा साधारण सेंटिमीटरभर चांगला दिसणारा भागही काढतो, कारण डोळ्यांना न दिसणाऱ्या कॅन्सरच्या पेशी तिथे असू शकतात. गाठ हाडाला टेकली असेल तर जबड्याचा तुकडा जातो. बाहेरच्या कातडीपर्यंत आली असेल तर गाल आरपार जातो. शिवाय त्या बाजूच्या मानेतल्या गाठी काढतात. एवढे सगळे निघाल्यावर तिथे मुठीएवढा खड्डा उरतो.

छोटा खड्डा कडा ओढून शिवता येतो. मोठा तसा शिवला तर तोंड उघडत नाही, जीभ ओढली जाते, टाके तुटतात. उघडा ठेवला तर तोंडातली लाळ मानेत झिरपते. मानेत मेंदूकडे रक्त नेणारी मोठी नस असते. लाळेत ती दिवसेंदिवस भिजत राहिली तर फुटू शकते, आणि मग हातात काही मिनिटेच असतात. जखम भरली नाही तर रेडिएशन सुरू करता येत नाही. म्हणजे तो खड्डा बुजवणे हा कॅन्सरच्या उपचाराचाच भाग आहे.

आणखी एक गोष्ट डॉक्टर घाईत सांगत नाहीत, ती आम्ही सांगतो. खड्डा बुजवायला साधन आहे हे माहीत असेल तर सर्जनला कापताना हात आखडावा लागत नाही. पाहिजे तेवढे काढता येते. "मांस लावू नका, थोडंसंच कापा" असे नातेवाईक हात जोडून सांगतात, तेव्हा ते नकळत कॅन्सर आत ठेवायला सांगत असतात.

फ्लॅप म्हणजे काय

डॉक्टर ज्याला फ्लॅप म्हणतात, त्याला आपल्याकडे "मांस लावलं" म्हणतात. शब्द चुकीचा नाही, पण अर्धा आहे. भाजलेल्या पेशंटला मांडीची पातळ कातडी काढून लावतात, ते वेगळे. ती कातडी खालच्या जखमेतून रक्त शोषून जगते. फ्लॅप जाड असतो. त्यात कातडी, चरबी, कधी स्नायू, कधी हाडही असते आणि मुख्य म्हणजे त्याला रक्त देणारी नस आणि रक्त परत नेणारी शीर त्याच्यासोबतच येते. मांस नव्या जागी जिवंत राहते ते त्या दोन नळ्यांमुळे.

वस्तीत समजावताना आम्ही नळाच्या लाईनचे उदाहरण देतो. पहिल्या प्रकारात पाईप जुन्या लाईनपासून तोडतच नाहीत. पाईपसकट तुकडा फिरवून नव्या जागी नेतात. छातीचा फ्लॅप असा असतो. छातीचा मोठा स्नायू, वरच्या कातडीसकट, गळपट्टीच्या हाडाजवळच्या नसेवर लटकता ठेवतात, मानेच्या कातडीखालून बोगदा करतात आणि त्यातून वर तोंडात आणून शिवतात. दुसऱ्या प्रकारात हाताचे, मांडीचे किंवा पायाचे मांस नळ्यांसकट पूर्ण तोडून आणतात आणि मानेतल्या नळ्यांना नवी जोडणी देतात. या नळ्या दोन-तीन मिलिमीटरच्या. मायक्रोस्कोपखाली, केसाहून बारीक धाग्याने शिवायच्या. याला फ्री फ्लॅप म्हणतात. फ्री म्हणजे फुकट नव्हे, मोकळा केलेला. एका काकांनी हा शब्द ऐकून "फ्रीवालाच करा" असे डॉक्टरांना सांगितले होते.

जागा बदलून मांस जगवण्याची ही विद्या परदेशातून आली असे पुष्कळांना वाटते. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये पुण्याजवळची एक हकिकत छापून आली. कावसजी नावाचा माणूस इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकायला होता. टिपूच्या कैदेत त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराने एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी, भुवयांच्या मधला देठ न तोडता, खाली फिरवून त्याचे नवे नाक केले. पाईप न तोडता फिरवण्याचाच हा प्रकार. पुढे १८१४ साली लंडनमध्ये कार्प्यू नावाच्या सर्जनने ही पद्धत वापरली. नाक करणारा पुण्याचा माणूस विटा पाडणाऱ्या जातीतला होता एवढे त्या हकिकतीत आहे. कावसजीचे नाव आहे, चित्रही आहे. ज्याच्या हातात ती विद्या होती त्याचे नाव नाही.

कुठले मांस कुठे

छातीचा फ्लॅप १९७९ साली अमेरिकेतल्या एरियन नावाच्या सर्जनने मांडला आणि आपल्या देशात तो आजही पुष्कळ वापरला जातो. वेळ कमी लागतो, मायक्रोस्कोप लागत नाही, रक्तपुरवठा भरवशाचा. वय जास्त, हृदय कमजोर किंवा साखर फार असेल तर बरेच सर्जन हाच निवडतात. तोटेही आहेत. जाड असतो, गालात गोळा भरल्यासारखा वाटतो, मानेवर स्नायूचा उंचवटा दिसतो. काही महिन्यांत तो बराच बसतो. बायकांच्या बाबतीत त्या बाजूचे स्तन वर आणि मध्ये ओढले जाते. ही गोष्ट ऑपरेशनच्या आधी सांगितली जायला हवी. अनेकदा कोणी सांगत नाही, आणि मग घरी आरशासमोर बाई एकटीच रडते. आधी कळले तर दुसरा पर्याय आहे का हे विचारता येते, ब्लाउज कसे शिवायचे ते ठरवता येते, नवऱ्याला तयार करता येते.

हाताचा, म्हणजे मनगटाच्या वरचा फ्लॅप पातळ आणि लवचिक. चीनमधल्या सर्जननी तो आणला. अर्धी जीभ गेली असेल तर तो चांगला, कारण उरलेली जीभ हलती राहते. हातावरच्या जागी मांडीची पातळ कातडी लावतात, तिथे चट्टा राहतो. मांडीचा फ्लॅप मोठा असतो, आरपार गेलेल्या गालाला उपयोगी पडतो आणि त्याचा व्रण कपड्याखाली झाकतो.

जबड्याचे हाड गेले असेल तर पायाचे हाड आणतात. नडगीच्या बाहेरच्या बाजूला एक बारीक हाड असते, फिब्युला. शरीराचा भार मुख्यतः नडगी घेते, म्हणून घोट्याजवळचा आणि गुडघ्याजवळचा भाग ठेवून मधले हाड काढले तरी माणूस चालतो. ते हाड कापून, वाकवून, पट्टीने जोडून जबडा तयार करतात. १९८९ पासून ही पद्धत आहे. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. जबड्याची मागची बाजू गेली असेल तर हाडाशिवायही पुष्कळांचे निभावते. पण हनुवटीचा पुढचा भाग जाणार असेल आणि हाड लावले नाही, तर खालचा ओठ आत कोसळतो, लाळ सतत गळते, जीभ मागे पडते. फाइलमध्ये तसे लिहिले असेल तर "हाड लावणार का? इथे नसेल होत तर कुठे होईल?" हे विचाराच.

छातीचा फ्लॅप म्हणजे गरिबाचा आणि फ्री फ्लॅप म्हणजे श्रीमंताचा, असेही वस्तीत बोलले जाते. तसे नाही. सरकारी आणि ट्रस्टच्या मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलांत, परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी, गरीब पेशंटचे फ्री फ्लॅप होतात. आणि पैसेवाल्या पेशंटलाही कधी छातीचाच योग्य असतो. मात्र जिथे मायक्रोस्कोप आणि टीम नाही तिथे दुसरा पर्याय पेशंटपर्यंत येतच नाही, हेही खरे. म्हणून विचारायचे. विचारल्याने डॉक्टर रागावले तरी चालेल.

तारखेच्या आधी

तंबाखू, बिडी, मशेरी त्याच दिवशी बंद. "आता कॅन्सर झालाच, सोडून काय होणार?" असे म्हणतात. होते. निकोटिनने बारीक नसा आवळतात आणि फ्लॅपचा जीव बारीक नसांवरच असतो. ऑपरेशनच्या आदल्या रात्री मशेरी लावणाऱ्या मावशी आम्ही पाहिल्या आहेत. त्यांच्या सुनेनेच डबी आणून दिली होती, सासू तळमळते म्हणून.

हाताचा फ्लॅप ठरला असेल तर त्या हाताला सुई टोचू द्यायची नाही. ना सलाईन, ना रक्ततपासणी. आधी कोणता हात ते डॉक्टरांना विचारा, बहुधा कमी वापराचा हात घेतात. आम्ही तर हातावर पेनाने फुली मारून ठेवायला सांगतो. नव्या ड्युटीवर आलेल्या नर्सला माहीत नसते.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत. रेशन कार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राच्या टेबलावर जा. ऑपरेशन आणि फ्लॅप दोन्हीची मंजुरी आहे ना, रेडिएशन त्याच हॉस्पिटलात आहे का, जबड्याची पट्टी योजनेत बसते का, हे मंजुरी मागण्याआधी विचारा. गावाहून मुंबईला येणाऱ्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा मोठा आधार आहे. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला आणि सोबतच्या एकाला तिकिटात सवलत मिळते, त्याचा फॉर्म हॉस्पिटलातच भरून घ्यायचा.

पेशंटला आधी सांगून ठेवा की जाग येईल तेव्हा नाकात नळी असेल, कदाचित गळ्याला श्वासाचे भोक असेल आणि आवाज निघणार नाही. हे बहुतेक वेळा थोड्या दिवसांचे असते. लिहिता येत असेल तर पाटी-पेन्सिल न्या. येत नसेल तर घरीच खुणा ठरवा. दुखतंय, तहान, लघवी, भीती वाटते. चौथी खूण विसरू नका.

पहिले तीन दिवस

फ्लॅप जगणार की नाही हे बहुतांशी पहिल्या ७२ तासांत कळते. अनुभवी टीमच्या हातात शंभरातले पंच्याण्णवच्या आसपास फ्री फ्लॅप जगतात. जे अडचणीत येतात ते लवकर लक्षात आले तर पुन्हा थिएटरमध्ये नेऊन वाचवता येतात. म्हणून नर्स दर तासाला टॉर्च मारून बघते. रंग कसा आहे, गरम आहे का, दाबल्यावर पांढरे होऊन पुन्हा गुलाबी होते का. पांढरा आणि थंड पडला तर रक्त येत नाही. जांभळा, फुगलेला झाला तर रक्त परत जात नाही.

हे तुम्हालाही माहीत असावे असे आम्हाला का वाटते, ते सांगतो. आम्ही एका मोठ्या हॉस्पिटलात रात्रपाळीला होतो. एका बाईच्या गालाला हाताचा फ्लॅप लावलेला, दुसरा दिवस. वॉर्डात पेशंट पुष्कळ, आम्ही दोघीच. रात्री एकच्या सुमारास तिची मुलगी टेबलाजवळ आली, म्हणाली, "आईचा गाल संध्याकाळी होता तसा नाही." आम्ही तिला जागेवर बसायला सांगितले. मुलगी घरकाम करणारी, शाळा सातवीपर्यंत. पंधरा मिनिटांनी ती पुन्हा आली. या वेळी टॉर्च घेऊन गेलो. फ्लॅप वांग्यासारखा झाला होता. डॉक्टरांना फोन केला, तीन वाजता थिएटर, शिरेतली गुठळी निघाली, फ्लॅप वाचला. तासाचे निरीक्षण तक्त्यात 'ठीक' म्हणून लिहिलेले होते आणि ते आमच्याच अक्षरात होते. ती मुलगी दुसऱ्यांदा उठली नसती तर काय झाले असते, हा विचार अजून जात नाही.

तेव्हा बघत राहा. हात लावू नका, फक्त बघा. बदल वाटला तर सांगा, "बसा" म्हटले तरी परत जाऊन सांगा. मान फ्लॅपच्या बाजूला दुमडली जात नाही ना, गळ्यातल्या नळीची फीत घट्ट नाही ना, उशीने मान दाबली जात नाही ना, हेही बघा. नस तिथूनच जाते.

समजा फ्लॅप नाहीच जगला, तरी सगळे संपले असे नाही. तो काढून दुसरा लावतात, बहुतेकदा छातीचाच. आठवडाभराने मानेतून लाळ झिरपायला लागली तर घाबरून घरगुती लेप लावू नका. ड्रेसिंग आणि नळीचा आहार चालू ठेवून पुष्कळ जखमा भरतात.

घरी आल्यावर

नळीतून देताना पेशंटला बसवा किंवा डोक्याची बाजू चांगली उंच करा. आडवे ठेवून कधीच नाही. नळीवरची खूण नाकाशी पूर्वीसारखीच आहे ना ते पाहून मग द्या. दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे. मऊ शिजवून, मिक्सरला लावून, गाळलेली डाळ, नाचणीची पेज, दूध, अंडे, मटणाचा किंवा माशाचा रस. नुसता मोसंबीचा रस आणि भाताची पेज यावर जखम भरत नाही, प्रथिने लागतात. शेवटी साधे पाणी ढकलून नळी धुवा, नाहीतर ती तुंबते.

तोंडातले नवे मांस कातडीच राहते, गालाच्या आतल्यासारखे ओले गुलाबी होत नाही. पांढरट दिसते, ते पाहून "पू झाला" म्हणून लोक धावत येतात. छातीवर किंवा हातावर केस असलेल्या पुरुषाला तोंडात केसही येतात. हसू नका, त्या माणसाला फार ओशाळे वाटते. रेडिएशननंतर ते बहुधा गळतात, तोवर डॉक्टर कापून देतात. सगळ्यात महत्त्वाचे, त्या जागेला संवेदना नसते. उकळता चहा कळत नाही आणि भाजते. तोंडाने सुरू झाल्यावर सगळे कोमटच.

रेडिएशन सांगितले असेल तर ते ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवे. इथेच आपले लोक मागे राहतात. "बाबा बरे झाले, जेवायला लागले, आता कशाला शेक?" सहा आठवडे रोज जायचे म्हणजे मजुरी बुडते, हे आम्हाला कळते. पण उशीर झाला तर केलेल्या ऑपरेशनचा फायदा हातातून जातो. शेक सुरू व्हायच्या आधी दात तपासून घ्या, किडलेले आधीच काढायचे असतात.

आणि तोंड उघडण्याचा व्यायाम. आपली तीन बोटे उभी तोंडात जातात का पाहा, तेवढे उघडायला हवे. डॉक्टरांनी परवानगी दिली की आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चवड दातांत धरायची, दर काही दिवसांनी एक काडी वाढवायची. दुखते, म्हणून सोडून देतात, आणि वर्षभराने चमचा जात नाही. खांद्याचा व्यायामही रोज. गिळण्याचा आणि बोलण्याचा सराव शिकवणारे थेरपिस्ट मोठ्या हॉस्पिटलांत असतात, त्यांची चिठ्ठी मागून घ्या.

त्या ताईंच्या सासऱ्यांचे ऑपरेशन झाले, छातीचाच फ्लॅप लागला. मानेतून आठ-दहा दिवस झिरपले, मग थांबले. शेक पूर्ण झाले. गाल अजून जाड आहे, बोलणे समजायला दोनदा ऐकावे लागते. नातू पहिले काही दिवस जवळ जात नव्हता, आता जातो. पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी तपासणी असते, त्यांची पुढची येत्या महिन्यात आहे. मानेतून किंवा तोंडातून ताजे लाल रक्त आले, श्वास लागला, नवा फोड किंवा गाठ दिसली तर तारखेची वाट न पाहता जायचे. रक्त येत असेल तर स्वच्छ कपड्याने जोरात दाबून धरून जायचे, वाटेत कपडा उचलून बघायचे नाही.

कुणाच्या घरी अशी फाइल कपाटात पडली असेल तर रविवारी सकाळी विहारात घेऊन या. आम्ही दहा वाजल्यापासून असतो. तोंडातला फोड किंवा पांढरा-लाल चट्टा तीन आठवडे झाले तरी बरा होत नसेल, तर फाइल नसली तरी या.